जत्रेच्या रात्री दशावतार बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात एकामागून एक गावांच्या जत्रा लागतात, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार, म्हणजे देवळासमोर रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य, आलाच. हे प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक असतात. आजोळ किंवा सासर इकडचं असलं तरी मुंबई-पुण्यात वाढलेले, मालवण-तारकर्लीला समुद्र बघायला आलेले, आणि घाटावरून खास नाटकासाठी उतरलेले. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजारपेठा रात्री नऊला बंद होतात. मग रात्री बाहेर पडून बघायचं काय?

बाजारपेठ झोपते, गाव झोपत नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या वाटेवर दुतर्फा दुकानं लागतात. खाजं, खेळणी, बांगड्या, भजी, चहा, सगळं मिळतं. देवळात केळी-नारळ ठेवायची आणि देवीची ओटी भरायची रांग असते. मग पालखी निघते, ती आत गेली की देवळासमोरच्या मांडवात दशावतार सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. मालवणीत याला धयकालो (दहीकाला) म्हणतात. म्हातारी माणसं अजूनही 'नाटकाक जातंय' न म्हणता 'धयकाल्याक जातंय' म्हणतात. शहरात रात्र जागवायला जे शोधावं लागतं, ते इथे एका देवळाच्या आवारात असतं. फक्त त्याचं घड्याळ वेगळं आहे, ते प्रश्न ४ मध्ये पाहा.

२. हंगाम कधी असतो?

कार्तिकापासून वैशाखापर्यंत. भात कापून झालेलं असतं, मळे मोकळे असतात आणि पावसाची भीती नसते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास आणि पुढे मार्गशीर्षात जत्रांची दाटी असते, तेव्हा एकाच रात्री आसपासच्या दोन-तीन गावांत नाटकं असतात. शिमग्यानंतर सार्वजनिक पूजा, वर्धापनदिन आणि नवसाची नाटकं जास्त. मिरगाच्या आधी मंडळी पेटारे बांधून ठेवतात, कारण बरेच कलाकार शेतकरी आहेत आणि त्यांना लावणीला उतरायचं असतं. जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या नाटकाची आशा धरू नका. त्या दिवसांत फार तर एखाद्या सभागृहात प्रयोग होतो.

३. आज कुठे नाटक आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

बहुतेक जत्रा तारखेने येत नाहीत, तिथीने येतात. त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख उपयोगाची नाही. गावाचं नाव आणि 'जत्रा कुठल्या तिथीला' एवढं विचारून घ्या आणि कॅलेंडरात बघा. एखादी तिथी दोन दिवसांत विभागली असेल तर गावातल्याच माणसाला विचारा, कारण निर्णय देवस्थानचा असतो.

रोजची माहिती हवी असेल तर चांगला मार्ग म्हणजे रिक्षास्टँड. कुडाळ, सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याच्या स्टँडवर संध्याकाळी 'आज नाटक कोणाचा?' एवढं विचारा. 'कुठे' असं विचारलंत तर गाव सांगतील, 'कोणाचा' विचारलंत तर कंपनीही सांगतील आणि बघण्यासारखं आहे की नाही तेही. स्थानिक वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कंपन्यांचे 'आजचे प्रयोग' रोज फिरतात.

वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर ही जुन्या मंडळांची नावं कानावर पडतील. यांतल्या काही नावांची एकाहून जास्त मंडळं आहेत, म्हणून नुसत्या आडनावावर न जाता पूर्ण नाव वाचा.

४. किती वाजता पोचावं? आम्ही नऊला गेलो तर मांडव रिकामा होता.

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. नऊ वाजता मांडव रिकामाच असतो.

साधारण क्रम असा. संध्याकाळपासून ओट्या आणि केळी-नारळ. नऊ-दहाला गर्दी जोरात. त्यानंतर पुराण, कीर्तन किंवा भजन आणि मग पालखी. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, सोबत ढोल-ताशे आणि काही गावांत तरंगकाठ्या, म्हणजे देवांची प्रतीकं असलेल्या काठ्या, असतात. मानकऱ्यांचा मान, देवाला गाऱ्हाणं, तळी असं सगळं होईपर्यंत बारा वाजतात. मग नाटक उभं राहतं. काही गावांत अकरा, काही गावांत दीड. नेमकी वेळ कोणीच सांगू शकत नाही, कारण ती पालखीवर अवलंबून असते.

म्हणून दहाला पोचा, दर्शन घ्या, पालखी बघा, काहीतरी खा आणि साडेअकराला जागा धरा. दुपारी दोन-तीन तास झोप काढलेली असेल तर रात्र निभते. न झोपता आलेला माणूस तीनच्या सुमारास, म्हणजे लढाई ऐन रंगात असताना, खुर्चीत पेंगतो.

घरून निघण्याआधी ओळखीच्याला फोन करून 'पालखी भायर पडली काय?' एवढं विचारलंत की पुढची वेळ आपोआप कळते.

५. तिकीट किती?

जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं. कंपनीचं मानधन देवस्थान, गावकरी किंवा नवस बोललेलं एखादं कुटुंब देतं. आरतीचं ताट प्रेक्षकांत फिरतं, त्यात दहा-वीस रुपये टाकायची रीत आहे, सक्ती नाही. सुटे बरोबर ठेवा.

एखाद्या कलाकाराचं काम आवडलं तर बक्षीस देतात. ते थेट रंगमंचावर चढून देऊ नये. कागदावर स्वतःचं नाव, गाव आणि कोणाला ते लिहून नोट त्यात गुंडाळायची आणि पेटीवाल्याजवळ किंवा आयोजकांकडे द्यायची. प्रवेश संपला की नाव पुकारलं जातं. १०१ रुपयेही चालतात. सभागृहातल्या तिकिटाच्या प्रयोगांबद्दल प्रश्न १८ पाहा.

६. बसायचं कुठे आणि बरोबर काय न्यायचं?

रंगमंच तीन बाजूंनी उघडा असतो. एका कडेला पेटी आणि पखवाज. समोर खाली मुलं, मागे खुर्च्या, बायकांची बाजू बहुतेक गावांत वेगळी. ती पाटी लावून सांगितलेली नसते, बघून ओळखायची. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या मानकऱ्यांच्या असतात, तिथे बसू नका.

आमचं मत विचाराल तर मधल्या खुर्च्यांपेक्षा वाद्यांच्या समोरची कड बरी. कलाकार गाण्याआधी पेटीवाल्याकडे नजर टाकतो, पखवाजवाला त्याच्या पायाकडे बघून ठेका बदलतो. हे देणं-घेणं मधोमध बसून दिसत नाही.

बरोबर चटई किंवा जाड चादर, शाल, कानटोपी, पाण्याची बाटली आणि टॉर्च. कोकणात थंडी नसते असं समजून टी-शर्टवर आलेली माणसं तीन वाजता चहाच्या चुलीजवळ दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं, खुर्ची ओली होते, मांडवाच्या कडेला बसलात तर डोक्यावर थेंब पडतात. मोबाइलचा टॉर्च पुरेल असं म्हणू नका. रात्रभर व्हिडिओ काढून चारला बॅटरी संपते आणि वाट त्यानंतर चालायची असते.

७. पहिल्यांदाच बघतोय. काय चाललंय ते कळायला आधी काय माहीत हवं?

दशावतार दोन भागांत असतो. पहिला आडदशावतार, दुसरा आख्यान.

आडदशावतार म्हणजे पूर्वरंग. नाईक, म्हणजे सूत्रधार, गणेशस्तवन म्हणतो, मग मुखवटा लावलेला गणपती रिद्धी-सिद्धीसह येतो. त्यानंतर सरस्वती, भटजी आणि माधवी, चार तोंडांचा ब्रह्मदेव. मग येतो संकासुर, काळ्या वेषातला, वेद पळवणारा असुर. प्रत्यक्षात मात्र तो मालवणीत गावाची उणीदुणी काढून लोकांना हसवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. दहा अवतारांचं नाव असलं तरी दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत, ही पुष्कळांची निराशा असते. हा भाग आता बऱ्याच ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात आटोपतात, कुठे नुसता गणपती नाचवून पुढे जातात. जिथे तो पूर्ण होतो तिथे जरूर बसा.

आख्यान म्हणजे मुख्य नाटक. पुराणातली गोष्ट, चार-पाच तास. राजा, राणी, ऋषी, राक्षस, नारद आणि एक विनोदी पात्र. राजाचं काम करणारा तो राजपार्टी, राणीचं करणारा स्त्रीपार्टी. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंग लावता लावता कंपनीचा मुख्य माणूस गोष्ट आणि प्रवेशांचा क्रम सांगतो, कोण कुठे येणार ते ठरतं. संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. त्यामुळे तीच गोष्ट, तीच माणसं असूनही मातोंडला बघितलेलं नाटक परुळ्याला वेगळं होतं. राजपार्टी आणि खलनायक यांची जुगलबंदी रंगली तर पंधरा मिनिटांचा प्रवेश पाऊण तास जातो. पेटीवाला मग हळूच सूर लांबवून आवरा म्हणून सुचवतो.

सामान जवळजवळ नसतंच. एक बाकडं असतं, त्याकडे लक्ष ठेवा. राजा बसला की ते सिंहासन. त्यावर उभं राहून हात कपाळाला लावला की डोंगर. राणी त्याच्या टोकाला डोकं टेकून रडली की अरण्यातला दगड. हे बदल कोणी सांगत नाही, कलाकार ज्या तऱ्हेने त्याला पाय लावतो त्यावरून कळतात. सिंहासनावर चढताना उजवा हात मांडीवरून फिरतो आणि भरजरी अंगरखा मागे झटकला जातो. डोंगरावर चढताना तोच माणूस पाऊल चाचपून टाकतो.

८. भाषा मालवणी असते का? मुलांना मालवणी येत नाही.

देव, राजे, ऋषी प्रमाण मराठीत बोलतात, तीही जरा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. मालवणी असते ती संकासुराच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी. गोष्ट कळायला अडचण येत नाही. विनोद मात्र निम्मा निसटतो, कारण तो गावातल्या खड्ड्यांवर, सरपंचावर नाहीतर समोर बसलेल्या एखाद्या खुर्चीवरच्या माणसावर असतो. शेजारच्या काकांना विचारा. ते सांगतील, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

९. राणीचं काम करणारे खरंच पुरुष असतात? त्यांना भेटता येतं का, फोटो काढता येतो का?

परंपरेने सगळी कामं पुरुषच करतात. स्त्रीपार्टीची नऊवारी, चाल, आवाज, रडणं यांत वर्षं गेलेली असतात. पहिल्यांदा बघणारे अर्धा तास वाद घालतात की ही बाईच आहे. अलीकडे स्त्रियांची मंडळंही उभी राहिली आहेत, पण जत्रेत दिसतील ते बहुतेक पुरुष.

रंगपटात, म्हणजे जिथे रंग लावतात तिथे, नाटक सुरू होण्याआधी विचारून जाता येतं. आपला रंग प्रत्येकजण आपणच लावतो, समोर ट्रंकेवर टेकवलेला आरसा. एकदा मुकुट डोक्यावर चढला की मात्र बोलायला जाऊ नये. गणपतीचा मुखवटा पूजेचा असतो, त्याला हात लावू नका आणि 'घालून बघू का' असं तर विचारूही नका.

फोटो चालतात, फ्लॅश चालत नाही. लढाईत तलवारी फिरत असतात, गिरकी घेताना डोळ्यांवर झोत आला तर माणूस बाकड्यावरून घसरतो. पूर्ण नाटक इंटरनेटवर थेट दाखवायचं असेल तर कंपनीची परवानगी हवी. बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

१०. रात्रभर खायला काय मिळतं?

पुष्कळ. वडापाव, भजी, उसळ-पाव, आम्लेट, चहा, सोडा. देवळाच्या अगदी जवळ अंडी-मटण लावत नाहीत, ते दुकान बाजूला असतं. काही गावांत त्या दिवशी अख्ख्या आवारात शाकाहारच असतो, आधी बघून घ्या.

घरी न्यायला खाजं. बेसनाच्या जाड शेवा तळून गुळाच्या पाकात आलं घालून घोळवलेल्या असतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक कांडी मोडून बघा, मोडताना कट् आवाज आला पाहिजे. वाकली तर दंव लागलेलं आहे किंवा पाक कच्चा राहिलाय. वरचा गूळ हाताला चिकटत असेल तर तेच. म्हणून खाजं संध्याकाळी घ्या, पहाटे उघड्या ढिगातलं घेऊ नका, आणि घरी गेल्यावर डब्यात भरा. शेंगदाण्याचे आणि खटखटे लाडू जास्त टिकतात.

११. गाडी नसेल तर जायचं-यायचं कसं?

मोठ्या जत्रांना एसटी जादा गाड्या सोडते. स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. लहान जत्रेला संध्याकाळची शेवटची गाडी म्हणजे वस्तीची गाडी. ती गावात मुक्काम करते आणि पहाटे परत सुटते, म्हणजे नाटक बघणाऱ्याच्या सोयीचीच. चालक-वाहकही कधी कधी मांडवातच सापडतात. सुटायची वेळ वाहकालाच विचारा.

रिक्षा करणार असाल तर दोन्ही वेळचं आणि थांबण्याचं भाडं निघतानाच ठरवा. 'परत येताना बघू' म्हटलंत की पहाटे पाचला बघणारा एकच रिक्षावाला असतो आणि गिऱ्हाईकं वीस. मुंबईहून येणाऱ्यांसाठी कुडाळ, सावंतवाडी रोड, कणकवली, सिंधुदुर्ग ही स्टेशनं आहेत. कुठलंही स्टेशन जत्रेच्या गावाला लागून नाही, पुढचा प्रवास आधीच ठरवून ठेवा.

१२. गाडी घेऊन येतोय. पार्किंग?

कापणी झालेला मळा हेच पार्किंग. इथे दोन चुका होतात. पहिली, गाडी तोंड आत करून लावणं. पहाटे सगळे एकदम निघतात, मागे शंभर गाड्या असतात. आत शिरतानाच वळवून तोंड रस्त्याकडे करून लावा. दुसरी, मळ्याच्या खोलगट कोपऱ्यात जाणं. वरून माती सुकलेली, भेगाळलेली दिसते, खाली ओल असते. शेजारच्या कुणग्यात (भातखाचरात) वायंगणीचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, पाणी सोडलेलं असेल तर जास्तच. चाक रुतलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, तेवढ्यात ते एक वीत आणखी खाली जातं. पुढच्या चाकांखाली पेंढा किंवा गोणपाट सरकवा, पहिल्या गिअरवर हळू क्लच सोडा आणि चार माणसांना मागून ढकलायला लावा. मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, चाक चढवून निघायचा प्रयत्न करू नये. मेर फुटते, आणि मालक सकाळी बोलतो ते वेगळं.

परतताना झोप ही मोठी अडचण. चार ते सहा या वेळात आंबोली, करूळ किंवा फोंडा घाट चढायला घेऊ नका. गाडीत अर्धा-पाऊण तास झोपा आणि उजाडल्यावर निघा. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रस्त्यांवर रात्री गवे आडवे येतात. एक दिसला की थांबा, मागून दुसरे येतात. हॉर्न वाजवू नका, दिवे डोळ्यांवर मारू नका.

१३. आम्ही मैत्रिणी मैत्रिणी येणार आहोत, बरोबर कोणी नाही. चालेल का?

हो. मांडवात म्हाताऱ्या आज्यांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळ्या असतात, रात्रभर उजेड असतो. बायकांच्या बाजूला बसलात तर शेजारची कोणीतरी अर्ध्या तासात 'खयच्या गो तुम्ही?' विचारणारच, आणि मग तुमची काळजी तिच्याकडे. अडचण मांडवात येत नाही, मांडव ते गाडी या अंधाऱ्या वाटेवर येते. तिथे एकटीने जाऊ नका. काही झालं तर ११२. मोठ्या जत्रांत पोलिसांचा मंडप असतो, आल्याबरोबर तो कुठे आहे ते बघून ठेवा.

स्वच्छतागृहाचं आधीच बघा. मोठ्या देवस्थानांत आहे, लहान गावांत शाळेचं उघडतात किंवा नाहीच. जवळच्या घरात विचारायला संकोच करू नका, जत्रेच्या रात्री घरं उघडी असतात.

१४. लहान मुलांना न्यावं का?

न्यावं. पुढे चटईवर बसवा, झोपली तर तिथेच पांघरूण घाला. संकासुराला दोन-तीन वर्षांची मुलं घाबरतात, त्या वेळी मांडीवर घ्या. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आकाशपाळण्याजवळ हरवलेलं मूल माइकवरून पुकारतात, पण त्याला स्वतःचं आडनाव सांगता येईलच असं नाही.

१५. सापांची भीती वाटते.

वाटली पाहिजे, पण बेतात. जांभ्या दगडाच्या गडग्यांत (कुंपणाच्या भिंतींत) फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, वेटोळं करून अंगाला अंग घासून खरखर आवाज करतं. रात्री फिरतं. चप्पल न घालता बूट घाला, टॉर्च पायापुढे धरा, गडग्यावर अंधारात बसू नका, त्यावर हात टेकून चढू नका.

चावलंच तर पाय हलवू देऊ नका, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालयात न्या. इथे मिळणारी प्रतिविषाची लस फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार या चौघांवर चालते, त्यामुळे साप ओळखायला किंवा मारून बरोबर न्यायला वेळ घालवू नका.

१६. गोवा जवळ आहे. येताना बाटली आणली तर?

गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. एक बाटलीही त्यात येते. बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, जत्रांच्या दिवसांत बाकीच्या रस्त्यांवरही तपासणी होते आणि गाडीही अडकते. पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पिऊन मांडवात आलेल्या माणसाला गावकरी बाहेर काढतात. नाटक देवाचं असतं.

१७. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद असतो ना? मग नाटक कसं चालतं?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. दशावतार मुळात ध्वनिक्षेपकावर उभा राहिलेला खेळ नाही. पेटी, पखवाज, झांज आणि कमावलेला आवाज एवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. परवानगी हा आयोजकांचा विषय. प्रेक्षकाच्या दृष्टीने इतकंच, की कर्णे बंद असतील तर पुढे सरकून बसा. आवाज कमी आहे म्हणून उठून जाणाऱ्यांचं नुकसान होतं. माइक नसताना राजपार्टीचं गाणं ऐकणं ही वेगळीच चीज आहे.

१८. 'संयुक्त दशावतार' आणि 'ट्रिकसीन' म्हणजे काय? तेच बघावं का?

संयुक्त म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एकत्र. ट्रिकसीन म्हणजे धूर, दिवे, हवेत उडणारा देव, दुभंगणारी जमीन. दोन्ही बहुधा सभागृहात किंवा मोठ्या मैदानात, तिकीट लावून. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तीन-चार तासांत आटोपतात, वेळेवर सुरू होतात आणि रात्र जागवणं ज्यांना जमत नाही त्यांची सोय होते.

संयुक्त प्रयोगात एक कमी असते. रोज एकत्र काम न करणारी माणसं एकमेकांना वाट देत नाहीत, प्रत्येकजण आपला प्रवेश खेचतो. पहिल्यांदा बघणार असाल तर एका कंपनीचं, जत्रेतलं बघा.

१९. सोनुर्ली, आंगणेवाडी, कुणकेश्वर यांची नावं ऐकली आहेत. तिथे गेलो तर दशावतार नीट बघायला मिळेल?

या मोठ्या यात्रा. तिथे जायचं ते त्या जत्रेसाठी, निवांत नाटकासाठी नव्हे.

सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेनंतर येते, सावंतवाडी तालुक्यात. ती लोटांगणांची जत्रा. दिवसभर उपास करून रात्री पुरुष देवळाभोवती जमिनीवरून लोटांगण घालतात, स्त्रिया उभ्याने. त्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेत उभं राहायचं नाही.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मगच जाहीर होते, म्हणून रेल्वेचं आरक्षण त्या बातमीनंतर काही मिनिटांत संपतं. रात्री आंगणे घराण्यातल्या स्त्रिया नैवेद्याची ताटं घेऊन देवळात येतात, तेवढा वेळ दर्शन थांबतं. रांगेत असाल तर पाणी जवळ ठेवा.

कुणकेश्वर देवगड तालुक्यात, समुद्राला लागून, महाशिवरात्रीला. रात्री किनाऱ्यावर फिरायला छान, पण ओहोटी-भरती बघून.

नाटकासाठी लहान गावची जत्रा निवडा: सातेरी, रवळनाथ, वेतोबा, लक्ष्मीनारायण, कुठल्याही देवाची. गर्दी पाचशे-हजारांची असेल तर तुम्हाला शब्द न् शब्द ऐकू येईल.

२०. आम्ही रत्नागिरीत असतो. तिकडे दशावतार का नाही?

दशावताराचा मुलूख सिंधुदुर्ग आणि लागून असलेला गोव्याचा पेडणे भाग. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, गुहागरकडे रात्री रंगतं ते नमन, त्यात गण, गवळण आणि वग असतो, आणि संकासुर तिथेही आहेच. शिवाय जाखडी नाच, त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब. दोन्हीच्या वेळा आणि रीती निराळ्या. या पानावरचं त्यांना लावायला जाऊ नका. प्रश्न १२ आणि १५ मात्र तिकडेही तसेच लागू.

२१. इतक्या लांबून आलो आणि नाटकच झालं नाही. असं कशामुळे होतं?

तीन कारणं. मानकऱ्यांच्या घरी सुयेर-सुतक आलं की जत्रा पुढे जाते किंवा नुसते विधी होतात. गावऱ्हाटीतल्या, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या परंपरागत व्यवस्थेतल्या, मानापानाचा वाद कोर्टात गेला असेल तर पालखीच थांबते, मग नाटकही. तिसरं अवेळी पाऊस, जो हल्ली नोव्हेंबरात सर्रास पडतो. मांडवावर ताडपत्री असली तरी पखवाजाचं चामडं ओलाव्याने उतरतं, आवाज बसतो, मग वाट बघत बसतात. दुपारी एकदा आणि निघताना एकदा असे दोन फोन करा. त्या रात्री दुसऱ्या गावात नाटक असू शकतं, रिक्षास्टँडचा उपाय प्रश्न ३ मध्ये आहेच.

२२. दहीकाला झाल्याशिवाय उठू नये म्हणतात. पण सकाळची गाडी पकडायची आहे.

मध्ये उठलात तर पाप लागत नाही. दोन प्रवेशांच्या मधे, पडद्यामागून पात्र यायच्या आत उठा, ऐन गाण्यात नको.

पण जमलं तर थांबा. आख्यान संपता संपता झुंजुमुंजू होतं. रात्रभर राजा असलेल्या माणसाचा गालावरचा रंग घामाने ओघळलेला असतो आणि पेट्रोमॅक्स गेली, ट्यूबलाइट आली तरी पहाटेच्या उजेडात तो तसाच दिसतो. हंडी फुटते, दही वाटतात. उजवा तळहात पुढे करायचा, चमचा-वाटी मागायची नाही. चार थेंब मिळतात, आंबट असतात, हात पुसायला केळीचं पान.

नाटक बहुधा साडेपाच-सहाला संपतं. दिवसा मुंबईकडे जाणारी मांडवी एक्स्प्रेस सकाळी मडगावहून सुटून नंतर सावंतवाडी, कुडाळला येते, ती आरामात मिळते. त्याआधीची गाडी असेल तर पाचला निघा आणि आयोजकांकडे तसं सांगून ठेवा. दही द्रोणात घालून आधी देतात.